कुनो खोऱ्यातील चित्ते आणि २०२३ चा पावसाळा : एक प्रकरण अभ्यास

११ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील कुनो राष्ट्रीय उद्यानात, आफ्रिकेतून आणलेल्या चित्त्यांपैकी तेजस नावाचा नर मरण पावला. १४ जुलैला सूरज गेला आणि २ ऑगस्टला धात्री ही मादी मृतावस्थेत सापडली. साधारण तीन आठवड्यांत तीन प्रौढ चित्ते गेले आणि तेही भर पावसाळ्यात, म्हणजे ज्या दिवसांत या जंगलात पाण्याची ददात नसते, उन्हाचा कहर ओसरलेला असतो आणि चितळांना हिरवा चारा मुबलक असतो. वन्यप्राण्यांसाठी जो काळ सुखाचा समजावा त्याच काळात हे घडल्यामुळे सुरुवातीला अनेक तर्क झाले. आपसातील मारामारी, गळ्यातली रेडिओ कॉलर (ठावठिकाणा कळवणारा पट्टा), देखरेखीतली ढिलाई आणि आफ्रिकेतून येतानाच जडलेला आजार अशी निरनिराळी कारणे पुढे आली. या लेखात त्या तीन मृत्यूंचा विचार खोऱ्याच्या भूगोलाच्या अंगाने केला आहे. चित्त्यांसाठी जागा पारखताना क्षेत्रफळ आणि भक्ष्य यांचा हिशेब काटेकोरपणे झाला, परंतु कुनो नदीच्या खोऱ्याचे ऋतुमान आणि आणलेल्या प्राण्याच्या अंगात मुरलेले ऋतुचक्र यांचा मेळ बसतो की नाही, हे तितक्याच काळजीने पाहिले गेले नाही, असे माझे मत आहे.

ग्वाल्हेरकरांचा या प्रकरणाशी संबंध केवळ बातम्या वाचण्यापुरता नाही. १७ सप्टेंबर २०२२ रोजी, ऐन पितृपक्षात, नामिबियाहून आठ चित्ते घेऊन आलेले विमान उतरले ते आपल्या महाराजपुरा विमानतळावर, आणि १८ फेब्रुवारी २०२३ रोजी दक्षिण आफ्रिकेहून आलेले बारा चित्तेही येथूनच हवाई दलाच्या हेलिकॉप्टरांनी पुढे गेले. हेलिकॉप्टरला जे अंतर किरकोळ वाटते ते रस्त्याने दीडशे ते पावणेदोनशे किलोमीटर भरते आणि त्यातला शेवटचा टप्पा आजही सोपा नाही. श्योपूरपर्यंत जाणारी, संस्थानाचे महाराज माधवराव शिंद्यांच्या काळात टाकलेली जवळपास दोनशे किलोमीटरची छोटी रेल्वे २०२० मध्ये रुंदीकरणासाठी बंद झाली. त्यापूर्वी सबलगढ, वीरपूर करत जाणाऱ्या त्या गाडीतून पाहिलेला मुलूख ज्यांच्या स्मरणात असेल त्यांना ठाऊक आहे की चंबळेच्या घळींचा प्रदेश मागे पडला की दक्षिणेकडे विंध्य वालुकाश्माचे सपाट माथ्याचे पठार सुरू होते. कुनोचे जंगल याच पठाराच्या उतरणीवर आहे.

खोरे आणि नदी

कुनो ही चंबळेची उपनदी आहे. शिवपुरीच्या पठाराकडून निघून ती साधारण उत्तरेच्या दिशेने वाहते आणि सुमारे १८० किलोमीटरांचा प्रवास करून चंबळेला मिळते. राष्ट्रीय उद्यानाच्या मधोमध जाताना ती जंगलाचे दोन भाग करते. पालपूरची जुनी गढी तिच्याच काठावर आहे. या नदीची दोन रूपे इतकी वेगळी आहेत की एकाच ऋतूत पाहणाऱ्याला दुसऱ्याची कल्पना येणार नाही. वैशाख-ज्येष्ठात पात्र आटून मोठमोठे खडक उघडे पडतात, वाहते पाणी जागोजागी धारेएवढे होते आणि उरतात ते डोह. दोन्ही बाजूंच्या जंगलातली वर्दळ त्या डोहांभोवती एकवटते. चितळांचे कळप, सांबर, नीलगाय, रानडुकरे दिवसाकाठी पाण्यावर येतातच, आणि बिबट्याही तेथेच दबा धरून बसतो. मगरी त्याच डोहांत असतात. पाऊस लागला की हीच नदी काही तासांत काठ सोडते, नाले उलटे फुगतात, जंगलातील वाटा तुटतात आणि पूर्वेकडचे जंगल पश्चिमेकडच्या जंगलापासून अलग होते. ऑगस्ट २०२१ मध्ये श्योपूर आणि शिवपुरी जिल्ह्यांत आलेला महापूर अनेकांनी अनुभवला आहे. वर्षाचा सरासरी पाऊस कोकणाच्या मानाने अगदीच थोडा, पण तो तीन महिन्यांत पडतो आणि त्या तीन महिन्यांत हवा जी दमट होते ती दमटच राहते.

येथील जंगल कोरड्या पानझडी प्रकारचे आहे. सालई, खैर, टेंभुर्णी, पळस हे वृक्ष आहेतच, परंतु कुनोची खरी ओळख करधईची. धावड्याच्या कुळातले हे झाड उन्हाळ्यात इतके वठल्यासारखे दिसते की नवख्या माणसाला संपूर्ण डोंगरउतार जळून गेला असे वाटावे. बारीक, राखाडी, खाली झुकलेल्या फांद्यांच्या त्या जाळीत एकही पान नसते. मग आषाढाआधी एखाद्या दिवशी वारा फिरतो, हवेत ओल येते, आणि पावसाचा थेंबही पडण्याआधी त्या फांद्यांच्या डोळ्यांतून पोपटी ठिपके फुटू लागतात. करधईला हिरवे व्हायला नुसती दमट हवा पुरते, असे येथील लोक सांगतात. पुढच्या प्रकरणाशी या निरीक्षणाचा थेट संबंध आहे, कारण ज्या ओलाव्याची वाट करधई पाहत असते त्याच ओलाव्याने चित्त्यांचा घात केला.

कोणासाठी मोकळे केलेले रान

कुनो-पालपूर अभयारण्य १९८१ मध्ये घोषित झाले तेव्हा त्याचे क्षेत्र सुमारे ३४५ चौरस किलोमीटर होते. २०१८ मध्ये ते वाढवून सुमारे ७४९ चौरस किलोमीटरांचे राष्ट्रीय उद्यान करण्यात आले. या दोन घटनांच्या मधली वर्षे सिंहाची वाट पाहण्यात गेली. गीरमधील आशियाई सिंहांसाठी दुसरे घर शोधताना भारतीय वन्यजीव संस्थेने नव्वदच्या दशकात ज्या जागा पाहिल्या त्यांत कुनो सर्वांत योग्य ठरले, आणि सिंहांसाठी रान मोकळे करायचे म्हणून चोवीस गावांतील दीड हजारांहून अधिक कुटुंबे तेथून उठवली गेली. २००३ पर्यंत हे स्थलांतर उरकले. त्यांतील बहुतेक कुटुंबे सहरिया आदिवासींची होती. १५ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सिंह सहा महिन्यांत कुनोला हलवावेत असा आदेश दिला आणि त्याच निकालात आफ्रिकी चित्ते आणण्याचा तेव्हाचा प्रस्ताव नामंजूर केला. सिंह आले नाहीत. जानेवारी २०२० मध्ये त्याच न्यायालयाने प्रयोगादाखल आफ्रिकी चित्ते आणण्यास परवानगी दिली आणि सिंहासाठी राखलेले रान चित्त्याच्या वाट्याला आले.

ग्वाल्हेर संस्थानाच्या इतिहासात याला एक पूर्वपीठिका आहे आणि ती आपल्या लोकांनी विसरू नये. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला माधवराव महाराजांनी आफ्रिकेतून सिंह आणवून याच भागातील जंगलात उंच भिंतींच्या आवारात ठेवले आणि पुढे मोकळे सोडले. ते सिंह गुराढोरांवर आणि नंतर माणसांवर उठले, आणि शेवटी त्यांना पकडावे किंवा मारावे लागले. दूर देशचे जनावर या खोऱ्यात सोडून ते येथे रुजेल अशी अपेक्षा करण्याचा हा शंभर वर्षांतला दुसरा प्रयोग आहे. पहिल्या वेळी प्राण्यांना जागा मिळाली, पण पुरेसे रानटी भक्ष्य आणि माणसांपासून अंतर मिळाले नाही. या वेळी ही दोन्ही पथ्ये पाळली गेली होती.

सहरियांची गावे उठल्यानंतर त्यांच्या शेतांत गवत माजले. खोऱ्यातील सर्वांत मोकळी, सपाट आणि चांगल्या मातीची जागा तीच होती, कारण शेती नेहमी अशाच जागी होते. आजही त्या गवतात शेतांचे बांध ओळखू येतात, गावठाणाच्या खुणा म्हणून महुआची जुनी झाडे उभी आहेत, आणि जेथे पडीक जमिनीवर लक्ष राहिले नाही तेथे बोरीच्या झुडपांनी गवताला मागे रेटले आहे. चित्ता हा दाट झाडीत लपून मारणारा शिकारी नाही, त्याला धाव घ्यायला मोकळे रान लागते. ते मोकळे रान कुनोमध्ये निसर्गाने थोडेच ठेवले आहे, बाकीचे सहरियांच्या नांगराने तयार केलेले आहे. विस्थापित कुटुंबांना त्याच्या बदल्यात मिळालेली जमीन खडकाळ होती, पाण्याची सोय अपुरी होती, आणि सालईचा डिंक, तेंदूपत्ता, महुआ या जंगलातून येणाऱ्या मिळकतीला ती मुकली. कुनोबद्दल लिहिताना हा हिशेब बाजूला ठेवता येत नाही, कारण चित्त्यांच्या यशापयशात त्या कुटुंबांचा त्याग गुंतलेला आहे आणि तो त्यांनी सिंहाच्या नावाने केला होता.

मार्च ते मे

मोकळ्या रानात चित्ते सोडण्यास ११ मार्च २०२३ पासून सुरुवात झाली. त्याआधी ते लहान विलगीकरण कुंपणांत आणि नंतर मोठ्या कुंपणांत होते. २७ मार्चला साशा ही मादी मूत्रपिंडाच्या आजाराने मेली. हा आजार तिला आधीपासून होता. २३ एप्रिलला उदय आणि ९ मे रोजी दक्षा गेली. दक्षाला नरांशी मीलन होताना जखमा झाल्या होत्या. मार्चच्या अखेरीस ज्वाला या मादीला चार पिल्ले झाली, भारतीय भूमीवर सात दशकांहून अधिक काळानंतर जन्मलेली ही पहिली चित्त्याची पिल्ले. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात पारा सत्तेचाळीस अंशांच्या आसपास गेला आणि त्यांतील तीन पिल्ले एकापाठोपाठ एक मेली. अंगात पाणी नाही, पोट भरलेले नाही आणि वर असे ऊन, अशी त्यांची अवस्था होती. चौथे पिल्लू माणसांनी हाताने वाढवून वाचवले.

या मृत्यूंना एक समान कारण नाही. आजार, मारामारी आणि उन्हाळा ही कोणत्याही स्थलांतराच्या पहिल्या वर्षाची अपेक्षित किंमत मानता येते, आणि पहिल्या वर्षात निम्मे प्राणी टिकले तरी प्रयोग यशस्वी धरावा असा निकष प्रकल्पाने आधीच ठरवला होता. म्हणूनच जुलैतले मृत्यूही सुरुवातीला याच रांगेत बसवले गेले. १६ जुलैला राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाने सर्व मृत्यू नैसर्गिक कारणांनी झाल्याचे सांगितले आणि कॉलरला दोष देणे हा अशास्त्रीय तर्क असल्याचे म्हटले. त्या घडीला तसे वाटणे समजण्यासारखे होते. परंतु आठवड्याभराच्या आत दोन प्राण्यांच्या मानेवर एकाच प्रकारच्या जखमा दिसल्या होत्या, आणि एवढ्यावरून तरी योगायोगाची शक्यता बाजूला ठेवायला हवी होती.

आषाढातील जखम

चित्त्याच्या मानेवर काय घडत गेले ते पायरीपायरीने पाहिले पाहिजे. दक्षिण गोलार्धात जून ते सप्टेंबर हा हिवाळा असतो. नामिबियाच्या पठारावर आणि दक्षिण आफ्रिकेच्या अंतर्भागात या दिवसांत रात्री कडाक्याची थंडी पडते आणि हवा मात्र अगदी कोरडी असते. तेथील चित्त्याच्या अंगावर त्याआधी दाट हिवाळी केस येतात, मान, खांदे आणि पाठ यांवर विशेष दाट. केस कधी वाढवायचे याचे त्याच्या शरीराचे वेळापत्रक पिढ्यान्‌पिढ्या ठरलेले आहे आणि विमानाने दहा तासांत विषुववृत्त ओलांडले म्हणून ते लगेच बदलत नाही. कुनोमध्ये आषाढ लागला तेव्हा त्या वेळापत्रकानुसार चित्त्यांचे शरीर थंडीची तयारी करत होते. येथील प्राणी ज्या दिवसांत अंगावरचे केस कमी करून वावरतात त्या दिवसांत पाहुण्यांच्या अंगावर लोकरीचा थर चढला.

त्या थरात पावसाचे पाणी आणि दमट हवा अडकून राहिली. केस कोरडे व्हायला ऊन मिळेना. खालची कातडी मऊ पडली, खाज सुटली, गोचिडे आणि माश्या यांचा उपद्रव होताच, आणि प्राणी खाजवू लागला की त्या मऊ कातडीला ओरखडे पडू लागले. मानेवर कॉलर होती तेथे ओल आणखी साचली आणि घासण्याची भर पडली. जखम पायावर किंवा कुशीवर असती तर चित्त्याने ती चाटून स्वच्छ ठेवली असती. मानेच्या मागे आणि पाठीवर त्याची जीभ पोहोचत नाही. माश्यांनी तेथे अंडी घातली, अळ्या पडल्या, त्या मांसात शिरल्या आणि जखमेतील जंतू रक्तात मिसळून सर्वांगाला विषबाधा झाली. दाट केसांखाली हे सारे झाकलेले असल्यामुळे दुर्बिणीतून पाहणाऱ्या देखरेख पथकाला प्राणी सुस्त होऊन बसेपर्यंत काही कळण्याचा मार्ग नव्हता, आणि तोपर्यंत वेळ निघून गेलेली असे. ज्याने जनावरे पाळली आहेत त्याला पावसाळ्यात गुरांच्या जखमेत किडे पडणे नवीन नाही. पण गाय दावणीला असते, तिच्या जखमेवर हात पोहोचतो.

केवळ कॉलरला दोष देणे मला पटत नाही, आणि कॉलरचा काहीच संबंध नव्हता हे म्हणणेही पटत नाही. जखमा कॉलरखाली होत्या तशा पाठीवरही होत्या, जेथे कॉलर नव्हती. मूळ कारण दाट केस आणि दमट हवा यांचा संयोग हे होते, कॉलरने त्याला वाट करून दिली. हे ओळखले गेल्यावर मोकळ्या रानातले सर्व चित्ते पुन्हा पकडून कुंपणात आणण्याचा निर्णय झाला, तपासणी झाली आणि जखमांवर उपचार झाले. हा निर्णय योग्य होता आणि त्याने उरलेले प्राणी वाचले असे मी मानतो. निर्वा ही मादी कॉलर बंद पडल्यामुळे सापडत नव्हती. फुगलेले नाले, कमरेएवढे गवत आणि करधईची आता पानांनी भरलेली जाळी यांत ड्रोन, हत्ती, श्वान आणि शंभराहून अधिक माणसे लावून तीन आठवड्यांनी, १३ ऑगस्टला, ती हाती लागली. ज्या रानात एप्रिलमध्ये फर्लांगभर अंतरावरचे हरिण दिसते त्याच रानात ऑगस्टमध्ये वीस पावलांवरचा चित्ता दिसत नाही. देखरेखीची सारी आखणी उन्हाळ्यातल्या कुनोवर बेतलेली होती आणि गरज पडली ती पावसाळ्यातल्या कुनोमध्ये.

पावसाळ्यात हिवाळी केस येतील याचा अंदाज कोणालाही, आफ्रिकेतील तज्ज्ञांनाही, आला नव्हता, असे प्रकल्पाच्या प्रमुखांनी त्या सप्टेंबरमध्ये सांगितले. हे प्रामाणिक कथन आहे. तरीही मला असे वाटते की अंदाज न येण्याचे कारण ज्ञानाचा अभाव हे नसून ते ज्ञान दोन ठिकाणी विभागलेले होते हे आहे. चित्त्याला हिवाळी केस कधी येतात हे आफ्रिकेतील पशुवैद्यांना माहीत होते. आषाढात कुनोच्या जंगलात जखम किती लवकर चिघळते हे येथील प्रत्येक गुराख्याला माहीत होते. या दोघांना समोरासमोर बसवून कोणी महिनेवार तक्ता मांडला असता तर जून आणि जुलै हे दोन महिने त्यावर लाल शाईने उठून दिसले असते.

त्यानंतर

पुढच्या पावसाळ्यापूर्वी चित्त्यांना गोचिडे आणि माश्यांपासून संरक्षण देणारे औषध देण्याची पद्धत सुरू झाली, आणि यापुढे आणायचे प्राणी दाट केस न वाढणारे असावेत असे धोरण ठरले. २०२४ च्या पावसाळ्यात मानेच्या जखमांनी मृत्यूंची मालिका घडली नाही. मात्र २७ ऑगस्ट २०२४ रोजी पवन हा मोकळा फिरणारा नर एका फुगलेल्या नाल्याच्या काठी मृत आढळला. अंगावर जखम नव्हती आणि बुडून मृत्यू झाल्याचे सांगण्यात आले. पवन हा मोठी अंतरे कापणारा, उद्यानाची हद्द ओलांडून गावांपर्यंत जाऊन आलेला चित्ता होता. काही तासांत भरणारे नाले हे या खोऱ्याचे वैशिष्ट्य त्याच्या मूळ कोरड्या प्रदेशाच्या मानाने वेगळे आहे, आणि औषधाच्या मात्रेने हा प्रश्न सुटणारा नाही.

जमेची बाजूही तितकीच खरी आहे. आशा, ज्वाला आणि गामिनी यांना २०२४ च्या सुरुवातीला पिल्ले झाली. २०२३ च्या उन्हाळ्यात वाचलेले चौथे पिल्लू, मुखी, मोठे झाले आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये तिला स्वतःला पाच पिल्ले झाली. मुखीचा पहिला उन्हाळा, पहिला पाऊस आणि पहिली थंडी कुनोमध्येच गेली.

एप्रिल २०२५ मध्ये प्रभास आणि पावक हे दोन नर चंबळेवरील गांधीसागर अभयारण्यात हलवण्यात आले. ती जागा कुनोपेक्षा मोकळी आहे, गवताळ आहे, परंतु तेथे नदीऐवजी धरणाचा प्रचंड जलाशय आहे आणि त्याची काठरेषा पावसाळ्यात पुढे सरकते, उन्हाळ्यात मागे जाते. गवत कोणत्या महिन्यात कोठे असेल, पाणी कोठवर येईल, नाले कधी अडतील आणि माश्यांचा जोर कधी असेल, हे गांधीसागरच्या काठावर मासेमारी करणाऱ्या आणि गुरे राखणाऱ्या लोकांना आजच सांगता येईल. कुनोमध्ये चित्तामित्र म्हणून गावोगावची माणसे नेमली गेली ती मुख्यतः चित्ता दिसल्यास घाबरू नका हे सांगण्यासाठी. त्यांच्याकडून, आणि विशेषतः पूर्वी खोऱ्याच्या आत राहिलेल्या वयस्क सहरियांकडून, नाल्यांचे आणि ऋतूंचे ज्ञान लिहून घेण्याचे काम अजूनही करता येण्यासारखे आहे. त्यांतील अनेकांचे वय झाले आहे, आणि उठून गेलेल्या गावांचे नाले, उतार आणि उंचवटे पायाखालचे असलेली ती शेवटची पिढी आहे.